ऱ्हस्व म्हात्रे

"ऱ्हस्व, अभिनंदन. काल तू सात पकडी केल्यास."

नीलेश सायकल भिंतीला टेकवून आमच्या गिरणीत आला तेव्हा मी भाकरीचे तांदूळ दळत होतो. त्याच्या हातात अलिबागचा पेपर होता. मी पट्टा बंद केला, हात झटकले आणि पेपर घेतला. जिल्हा अजिंक्यपद कबड्डीच्या अंतिम सामन्याची बातमी आतल्या पानावर चार कॉलम होती. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे. "शिरखार मंडळाच्या विजयाचा शिल्पकार ठरला नि. म्हात्रे. डाव्या कोपऱ्यातून त्याने घोट्याच्या सात अप्रतिम पकडी केल्या."

"हा तू आहेस," मी म्हणालो.

"मी नाय. मी दीर्घ. हा ऱ्हस्व हाय. नीट वाच."

आमच्या शिरखारमध्ये दहापैकी आठ घरं म्हात्र्यांची. मंडळाच्या संघात त्या वर्षी बारापैकी नऊ म्हात्रे होते, त्यामुळे यादीत आडनावाला काही अर्थ नसायचा. आद्याक्षरावर सगळं चालायचं. मी निनाद, तो नीलेश. सातवीत हजेरीपटावर आम्ही एकाखाली एक होतो. ठोसर बाई हजेरी घेताना "नि ऱ्हस्व" आणि "नी दीर्घ" असं म्हणायच्या. त्यात मी पाच फूट चार आणि तो पाच फूट अकरा. वर्ग हसला आणि ती नावं आम्हाला कायमची चिकटली. नीलेश माझ्यापेक्षा वर्षाने मोठा होता. टायफॉइडमुळे त्याचं सहावीचं वर्ष गेलं होतं.

अंतिम सामन्यात मी उजवा मध्यरक्षक होतो. एक पकड केली, चार वेळा बाद झालो. सात पकडी डाव्या कोपऱ्यातून नीलेशने केल्या होत्या. सातव्या पकडीला समोरच्या चढाईपटूने त्याला तोंडावर ओढत मध्यरेषेपर्यंत नेलं, पण याने घोटा सोडला नाही. हनुवटीची साल अजून ओली होती.

"पेपरवाल्याला फोन कर," मी म्हणालो.

"आणि काय सांगू? माझी वेलांटी खाल्ली म्हणून?" तो हसला. "जाऊ दे. आईला दाखवला पेपर. ती बोल्ली, म्हात्रे लिहिलंय ना, मग झालं."

त्या दिवशी आम्ही ती गोष्ट तिथेच सोडली. तिसऱ्या दिवशी दुपारी मला फोन आला.

"निनाद म्हात्रे बोलताय?"

"हो."

"मी पेडणेकर." त्यांनी एका व्यावसायिक संघाचं नाव सांगितलं. त्या संघाचे सामने आम्ही समाजमंदिरातल्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून बघायचो. "आमच्या युवा शिबिराची चाचणी आहे. रविवारी, पनवेलला, सकाळी नऊ. बातमी वाचली तुमची. संघटनेच्या यादीतून नंबर घेतला. एकवीसच्या आतले आहात ना?"

"वीस, सर."

"उत्तम. कोपऱ्यासाठी एकच जागा आहे. डावा कोपरा ना?"

संघटनेची यादी बरोबर होती, तिच्यात नि. म्हणजे मी आणि नी. म्हणजे नीलेश. चूक पेपरात होती. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो," मी म्हणालो.

म्हणजे एकूण दोनदा हो म्हणालो. पहिलं खरं होतं.

त्या शिबिराचा नियम सगळ्या पोरांना माहीत होता. एकवीस पूर्ण झालं की दार बंद. नीलेशला एकविसावं लागून दहा महिने झाले होते, पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला एकवीस पूर्ण होणार होतं. मला अजून एक वर्ष होतं. त्याला नव्हतं.

संध्याकाळी मैदानावर गेलो. आमचे प्रशिक्षक धर्माकाका पाइप धरून मातीवर पाणी मारत होते. दिवसा ते मांडव्याच्या लाँचवर इंजिन सांभाळायचे आणि संध्याकाळी आम्हाला. मी त्यांना फोनचं सांगितलं.

"तुला बोलावलंय?"

"हो."

"डाव्या कोपऱ्याला?"

"हो."

"तू फोनवर काय बोल्लास?"

"हो बोललो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाइप दुसऱ्या हातात घेतला. "बरं," म्हणाले आणि पलीकडच्या कोपऱ्याकडे पाणी मारायला गेले.

नीलेश निदानरेषेवर बसून घोट्याला पट्टी गुंडाळत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तो काहीतरी बोलेल, मग मी काहीतरी बोलेन, असं मी वाटेत ठरवलं होतं. त्याने पट्टीचं टोक दातांनी फाडलं.

"कधी हाय?"

"रविवारी."

"आज गुरुवार." तो उठला. "मग लाग कामाला. तुला घोटा धरता येत नाय. तू गुडघ्यावर झेप टाकतोस. मॅटवर तो गुडघा तुला पार घेऊन जाईल."

तीन दिवस त्याने मला शिकवलं. स्वतः चढाई करायचा आणि स्वतःचा पाय माझ्यापुढे टाकायचा. "डोळे त्याच्या पोटावर ठेव. पाय खोटं बोलतात, पोट बोलत नाय." "हाताने नको पकडू, कोपराने लॉक कर." "पडलास तर पड, पण घोटा घेऊन पड." मी चाळीस वेळा पडलो. त्याच्या घोट्याला माझ्या नखांचे ओरखडे उठले. शुक्रवारी त्याने मंडळाच्या कपाटातून मॅटवरचे बूट आणले. गावात तसा एकच जोड होता, मंडळाला बक्षीस मिळालेला, नऊ नंबरचा, आणि तो नीलेश वापरायचा. मला सात लागायचे.

"दोन मोजे घाल," तो म्हणाला.

"तू का करतोयस हे?"

"एक म्हात्रे तरी जाईल ना. नायतर तिथं सगळे सांगली-कोल्हापूरचे."

एवढंच बोलला. रागाने नाही, टोमणाही नाही. त्याने टोमणा मारला असता तर मला भांडता आलं असतं.

शनिवारी शेवटचा सराव. काकांचा आमच्या संघात एकच कायदा होता. ज्याला हात किंवा पाय लागला त्याने स्वतः हात वर करायचा आणि बाहेर जायचं. पंचाची वाट बघायची नाही. दुसऱ्या संघांतली पोरं आम्हाला हसायची. "शिरखारचा पंच घरी झोपला तरी चालतं," असं म्हणायची. त्यापायी आम्ही दोन उपांत्य सामने हरलो होतो. तरी काकांनी कायदा बदलला नाही.

नीलेशने चढाई केली. निदानरेषा ओलांडून माझ्या कोपऱ्याकडे आला, वळला आणि मागचा पाय फिरवला. मी झेप घेतली, पाय हुकला. गुडघ्याजवळ काहीतरी लागल्यासारखं वाटलं. मी हात वर केला आणि रेषेबाहेर जाऊन उभा राहिलो.

"बाहेर कशाला गेलास?" तो धापा टाकत म्हणाला. "इथं पंच कुठाय?"

"लागला."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बरं. ये आत. परत."

काका पाइप गुंडाळत होते.

रविवारी सकाळी नीलेश माझ्याबरोबर आला. पिशवी धरायला कोणी तरी हवं, असं त्याने माझ्या आईला सांगितलं. बसमध्ये तो खिडकीपाशी बसून वडाव खाडीपर्यंत झोपला. मी जागा होतो. पनवेलला एका शाळेच्या सभागृहात निळ्या-पिवळ्या मॅट अंथरल्या होत्या. चाचणीला एकोणीस पोरं आली होती, त्यांतले चार डावे कोपरे. पेडणेकर सर पन्नाशीचे, गळ्यात शिट्टी, हातात फाइल. फाइलमध्ये माझी, म्हणजे ती, बातमी कापून लावली होती.

"म्हात्रे? सात पकडी?"

मी मान हलवली. हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही.

"उंची कमी आहे," ते लिहीत म्हणाले. "बघू."

नीलेश बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या पायात चपला होत्या.

पहिली चढाई एका साताऱ्याच्या पोराने केली. मी पोटावर डोळे ठेवले, पण मॅटवर बुटात पाय सरकला आणि मी अर्धा हात मागे पडलो. तो बोनस घेऊन परत गेला. दुसऱ्या वेळी घोटा हातात आला. कोपराने लॉक करायचं आठवेपर्यंत तो गेला होता. पेडणेकरांनी काही लिहिलं नाही.

तिसरी चढाई लांब हातांच्या एका पोराची होती. तो माझ्यावरून निसटताना त्याची बोटं माझ्या मनगटाला लागली. अगदी हलकी. तो स्वतःही थांबला नाही, मध्यरेषेकडे पळाला. शिट्टी वाजली नाही. "चला, पुढचा," पेडणेकर म्हणाले.

माझा हात वर गेला.

मी तो वर करायचं ठरवलं नव्हतं. आठ वर्षांची सवय होती.

"काय?" पेडणेकर म्हणाले.

"लागला, सर."

"मी दिला नाही."

"लागलाय, सर."

"अरे, चाचणी आहे ही. गुण मोजत नाहीये कोणी. हात खाली कर."

मला हात खाली करता येईना. सगळी पोरं बघत होती. लांब हातांचा तो पोरगाही हसायला लागला होता.

"सर, त्या सात पकडी माझ्या नाहीत."

पेडणेकरांनी शिट्टी तोंडातून काढली. "मग कोणाच्या?"

"दीर्घच्या."

"कोणाच्या?"

"नीलेश म्हात्रेच्या. नी दीर्घ. पेपरात ऱ्हस्व पडलाय. तो बाहेर बाकावर बसलाय."

"मग तो आत का नाही आला?"

"त्याला बोलावलं नव्हतं, सर. आणि त्याचे बूट माझ्या पायात आहेत."

कोणीतरी मोठ्याने हसलं. पेडणेकर हसले नाहीत. त्यांनी फाइलमधली बातमी परत वाचली, मग माझ्या पायांकडे पाहिलं. "बूट काढ," म्हणाले.

मी बूट हातात घेऊन, दोन दोन मोज्यांवर, बाहेर गेलो. नीलेश उठून उभा राहिला.

"काय झालं? लागलं तुला?"

"हो," मी म्हणालो. "आत जा. बोलावलंय."

त्याने बूट घातले, नाडी दोनदा ओढली, आत गेला. मी दारात उभा राहून पाहिलं. पहिल्या चढाईला तो हलला नाही, फक्त बघत राहिला. दुसऱ्या चढाईला त्या लांब हातांच्या पोराचा घोटा त्याने असा धरला की सभागृहात आवाज आला. पाच चढायांत तीन पकडी. मी मोजल्या; तेव्हापासून मोजतोच आहे.

शेवटी पेडणेकरांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं.

"हा मला हवाय," ते म्हणाले. "पण वर पाठवायच्या कागदांत ही बातमी जोडलीय आणि नाव निनाद गेलंय. मंगळवारी सकाळी यादी बंद होते. नुसतं तोंडी सांगून मालक लोक नाव बदलत नाहीत. मीच ओळखीचा पोरगा घुसवला असं म्हणतील. पेपरने खुलासा छापला तर कात्रण आणा. उद्याच्या अंकात. जमेल?"

"जमेल," मी म्हणालो. नीलेश माझ्याकडे बघत राहिला.

अलिबागला पोचायला साडेपाच झाले. पेपरचं ऑफिस बाजारात एका छापखान्यावर होतं. रविवारी एकच टेबल चालू होतं आणि त्यामागे देवस्थळी बाई बसल्या होत्या. केस पांढरे, चष्मा दोरीला, हातात लाल पेन्सिल. सगळी पानं त्याच लावायच्या.

"खुलासा?" त्या म्हणाल्या. "कोणाच्या तक्रारीवरून? या नीलेशच्या?"

"नाही. माझ्या. मी नि."

"म्हणजे चूक तुमच्या फायद्याची झाली आणि तक्रारही तुमचीच?"

"हो."

त्यांनी चष्मा लावून मला पाहिलं, मग नीलेशला. मग फायलीतून तो अंक काढला, संघटनेच्या यादीशी ताडला, आणि माझ्यापुढे पाठकोरा कागद सरकवला.

"आमची चूक आहे. छापू. पण वार्ताहर लग्नाला गेलाय आणि माझी दोन पानं बाकी आहेत. तुम्हीच लिहा. चाळीस शब्द. सात वाजता पान जातं."

मी लिहायला बसलो. पाऊण तासात दोन पानं भरली. त्यात काकांचा कायदा होता, बूट होते, आईचं वाक्य होतं, मला किती वाईट वाटतंय तेही होतं. बाईंनी उभ्याउभ्या वाचलं. लाल पेन्सिल चालवली.

"तुम्हाला वाईट वाटतंय ही बातमी आहे का?"

"नाही."

"मग काढा. 'अप्रतिम' कोणी म्हटलं? तुम्ही मोजलं ते लिहा. सात ना? मग सात." त्यांनी आणखी एक ओळ खोडली. "आणि 'नीलेश' लिहिताना तुम्हीच घाईत ऱ्हस्व काढलाय. दुसऱ्या ओळीत."

मी पाहिलं. खरंच काढला होता. नीलेश मागे इतका हसला की छापखान्यातला माणूस जिन्यातून डोकावला.

दुसऱ्या दिवशी छापून आलं ते असं. "जिल्हा अजिंक्यपद कबड्डीच्या वृत्तात सात पकडी नि. म्हात्रे यांच्या नावे छापल्या गेल्या. त्या नीलेश म्हात्रे यांनी केल्या होत्या. ऱ्हस्वाऐवजी दीर्घ वाचावे. ही चूक निनाद म्हात्रे यांनी लक्षात आणून दिली." मथळा सोडून एकोणतीस शब्द झाले होते. चाळीसांतले उरलेले काढून टाकले तरी चालतात, हे मला बाईंनी तिथेच सांगितलं.

त्या रविवारी आम्ही जिना उतरत होतो तेव्हा त्यांनी वरून हाक मारली. "नि! रविवारी तालुक्याच्या स्पर्धांचे निकाल उतरवून घ्यायला माणूस लागतो. वेलांटी बघणारा. पुढच्या रविवारी येताय?"

मी गेलो. त्याला आता दहा वर्षं झाली.

त्या चाचणीतल्या एकोणीस पोरांचं पुढे काय झालं, ते मी लिहून ठेवलं आहे. तिघे व्यावसायिक संघांत गेले. दोघे एका हंगामानंतर परत आले. त्यांतला एक आज पोलिसात आहे, एक गॅरेज चालवतो. लांब हातांचा तो पोरगा, ज्याच्याबद्दल सगळ्यांची खात्री होती, खांदा निखळून घरी बसला. टिकला तो एकटा नीलेश. पहिल्या हंगामात त्याने शून्य सामने खेळले, दुसऱ्यात दोन. मग सहा हंगामांत एकसष्ट. मी त्या शिबिरात गेलो असतो तर पहिल्या आठवड्यात परत आलो असतो. हे विनयाने म्हणत नाही, आकडे बघून म्हणतो. हा पोरगा पुढे जाईल का, असं मला आईबाप अजूनही मैदानाच्या कडेला विचारतात. मी त्यांना पकडींचा आकडा सांगतो.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर नीलेशने निवृत्ती घेतली. मुलाखत घ्यायला मी त्याच्या घरी गेलो. शिरखारमध्येच घर बांधलंय. बाहेर पाटी आहे, तीवर वेलांटी एवढी मोठी की रस्त्यावरून दिसते. सगळे प्रश्न संपल्यावर मी वही मिटली आणि नऊ वर्षं न विचारलेला प्रश्न विचारला.

"ते तीन दिवस तू काहीच का बोलला नाहीस? तुझं शेवटचं वर्ष होतं."

"गुरुवारी, शुक्रवारी बोलणार होतो," तो म्हणाला. "राग आला होता रं. झोप नाय लागली. शनिवारी ठरवलं की आता सरळ थोबाडीत द्यायची."

"मग?"

"मग तू हात वर केलास. आठवतं? सरावात. मी चढाई केली, तू बाहेर जाऊन उभा राहिलास."

"पाय लागला होता ना तुझा."

नीलेशने दुखरा पाय टीपॉयवर ठेवला आणि आमच्या सातवीच्या वर्गासारखा हसला.

"नाय लागला. एक वीत लांब होता. मला काय माझा पाय कुठं जातो ते कळत नाय? न लागता बाहेर जाणारा माणूस, ऱ्हस्व, लागल्यावर किती वेळ आत राहील? म्हणून झोपलो बसमध्ये."

मी वही परत उघडली नाही. ऑफिसला आलो, बाईंच्या जुन्या टेबलावर बसलो आणि मुलाखत लिहिली, पाचशे शब्द. साडेसहाला ती वाचली. त्याचं नाव अकरा ठिकाणी होतं. अकराही ठिकाणी वेलांटी तपासली आणि पान सोडलं.